कोरियातील राजवाडे, समाधी आणि किल्ले : मोजक्या दिवसांत काय पाहावे, हे कसे ठरवावे

सोलच्या जुन्या शहरात जोसोन राजघराण्याचे पाच राजवाडे आणि त्या घराण्याच्या पूर्वजांचे एक स्मृतिमंदिर आहे. शहराभोवतीच्या टेकड्यांमध्ये राजाराण्यांच्या समाधी विखुरलेल्या आहेत, दक्षिणेला सुवोनचा किल्ला आहे, आणि त्याहून पलीकडे ग्योंगजु, गोंगजु, बुयो या आधीच्या राज्यांच्या राजधान्या आहेत. आठ-दहा दिवसांच्या प्रवासात हे सगळे पाहून होत नाही. तसा अट्टहास केला, तर तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक दरबारमंडप आदल्या दिवशीच्या मंडपासारखाच दिसू लागतो. या वास्तूंची खरी गोडी त्यांच्यातील फरकांत आहे, आणि ते फरक नजरेत भरायचे असतील तर जागा थोड्या आणि विचारपूर्वक निवडलेल्या असाव्या लागतात.

बहुतेक प्रवासी प्रसिद्धी पाहून निवड करतात. माझ्या मते त्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा की, आपल्याला राजाचे कोणते रूप पाहायचे आहे : दरबारात सत्ता मिरवणारे, घरात राहणारे, की मृत्यूनंतर वंशजांनी पूजलेले? दुसरा प्रश्न असा की, समोर दिसणारी इमारत किती जुनी असायला हवी, याविषयी आपण किती आग्रही आहोत?

हा दुसरा प्रश्न कोरियात टाळता येत नाही. येथील राजवास्तू प्रामुख्याने लाकडी आहेत. १५९२ मध्ये जपानी सैन्याने स्वारी केली, तेव्हा सोलमधील तोवरचे सर्व राजवाडे जळाले. पुढे १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत उरलेल्या इमारतींपैकी शेकडो इमारती पाडल्या, विकल्या किंवा हलवल्या गेल्या. त्यामुळे आज जे उभे आहे त्यात काही सतराव्या शतकातले आहे, काही एकोणिसाव्या शतकातले आहे आणि बरेचसे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुन्हा उभारलेले आहे. पुनर्बांधणी म्हणजे नक्कल, असे समजून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण लाकडी वास्तू जळणे आणि त्याच जोत्यावर पुन्हा उभी राहणे हा या राजवाड्यांच्या इतिहासाचाच भाग आहे. मात्र ज्याला जुन्या लाकडावरून नजर फिरवायची आहे, त्याने ते लाकूड कोठे आहे हे आधी माहीत करून घ्यावे.

नावांची फोड

पाट्यांवरची नावे सुरुवातीला जिभेला जड वाटतात, परंतु त्यांचे शेवटचे अक्षर कळले की निम्मे काम होते. ‘गुंग’ म्हणजे राजवाडा, ‘जोन’ म्हणजे मोठा मंडप, ‘मुन’ म्हणजे दरवाजा आणि ‘सोंग’ म्हणजे तटबंदी किंवा किल्ला. समाधींच्या बाबतीत हे अक्षर आणखी बोलके आहे. ‘नुंग’ हा प्रत्यय, जो काही नावांत ‘रुंग’ किंवा ‘ल्लुंग’ असा ऐकू येतो, राजा किंवा राणी यांच्या समाधीला लागतो. ‘छोंग’ म्हणजे अशी मोठी समाधी, जिच्यात कोण पुरले आहे हे निश्चित माहीत नाही. ग्योंगजुमधल्या प्रसिद्ध छोनमाछोंगच्या नावातच ही कबुली दडलेली आहे : सोन्याचा मुकुट सापडला, पण तो घालणाऱ्याचे नाव सापडले नाही.

सत्तेचे दर्शन : ग्योंगबोकगुंग

एकच राजवाडा पाहायचा असेल आणि राजसत्ता म्हणजे काय याचा अनुभव हवा असेल, तर ग्योंगबोकगुंगला पर्याय नाही. जोसोन घराण्याचा संस्थापक राजा थेजो याने तो १३९५ मध्ये उभारला. १५९२ मध्ये जळाल्यानंतर सुमारे २७० वर्षे तेथे केवळ अवशेष होते. अल्पवयीन राजा गोजोंगच्या वतीने कारभार पाहणाऱ्या त्याच्या वडिलांनी तो १८६७ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण केला. जपानी राजवटीने १९२६ मध्ये दरबारमंडपाच्या पुढ्यातच आपल्या सरकारची प्रचंड दगडी इमारत उभी केली आणि राजवाड्याचे तोंड झाकून टाकले. ती इमारत १९९५-९६ मध्ये पाडण्यात आली, आणि ग्वांगह्वामुन हा मुख्य दरवाजा २०१० मध्ये त्याच्या मूळ जागी पुन्हा उभा राहिला. म्हणजे दरवाजातून आत शिरताना आपण अगदी अलीकडच्या बांधकामाखालून जातो, तर गुनजोंगजोन हा दरबारमंडप आणि तलावातला ग्योंगहेरु हा मेजवानीचा मंडप १८६७ चे आहेत.

गुनजोंगजोनच्या प्रांगणात बहुतेक जण सरळ सिंहासनाकडे चालत जातात आणि दारातून आत डोकावून परत फिरतात. त्याऐवजी प्रथम खाली पाहावे. फरशीचे ग्रॅनाइट मुद्दाम खडबडीत ठेवलेले आहे, त्यामुळे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही. मधल्या उंच वाटेच्या दोन्ही बाजूंना हुद्द्यांची नावे कोरलेले छोटे दगड ओळीने उभे आहेत. पूर्वेला मुलकी अधिकारी आणि पश्चिमेला लष्करी अधिकारी आपापल्या दगडाशी उभे राहत. फरशीत जागोजागी लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत, त्यांना समारंभाच्या दिवशी छताचे दोर बांधत. हे तीन तपशील लक्षात घेतले की रिकामे प्रांगण आपोआप माणसांनी भरून जाते. त्यानंतर मंडपातले सिंहासन आणि त्यामागचा सूर्य, चंद्र व पाच शिखरांचा चित्रपडदा पाहावा.

त्यापुढे मागच्या बाजूला जाग्योंगजोन या राजमातेच्या निवासाकडे जावे. त्याच्या परसातील धुराडे मला या राजवाड्यातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते. कोरियन घरांत जमिनीखालून धूर फिरवून खोल्या उबदार ठेवत. येथे अनेक खोल्यांचा धूर एका भिंतीत आणून सोडला आहे, आणि त्या भिंतीवर सूर्य, पाइन वृक्ष, हरिण, कासव, सारस अशी दीर्घायुष्याची दहा चिन्हे उठावात घडवली आहेत. वृद्ध राणीला थंडी वाजू नये यासाठी केलेल्या सोयीवरच तिला दीर्घायुष्य चिंतणारे चित्र रेखाटावे, यात दरबारी थाटापेक्षा घरगुती माया अधिक दिसते.

राजवाड्याच्या अगदी उत्तरेला गोनछोंगगुंग हे निवासस्थान आहे. ८ ऑक्टोबर १८९५ रोजी जपानी मारेकऱ्यांनी गोजोंगची राणी म्योंगसोंग हिची हत्या येथे केली. या कोपऱ्यापर्यंत पुष्कळ प्रवासी पोहोचतच नाहीत. राजवाड्यासाठी किमान तीन तास राखून ठेवले तरच ते शक्य होते. पहारा बदलण्याचा समारंभ सकाळी १० आणि दुपारी २ वाजता होतो, आणि त्याभोवती गर्दी जमते, म्हणून समारंभ पाहायचा नसेल तर त्याच वेळी मागच्या भागात असणे सोयीचे ठरते.

राहण्याची जागा : छांगदोकगुंग आणि त्याची बाग

तिसरा राजा थेजोंग याने १४०५ मध्ये छांगदोकगुंग बांधला. तोही १५९२ मध्ये जळाला, पण सतराव्या शतकाच्या आरंभी आधी तोच पुन्हा उभारला गेला, आणि पुढची अडीचशेहून अधिक वर्षे राजे प्रामुख्याने येथेच राहिले. त्याचा मुख्य दरवाजा दोनह्वामुन त्याच काळातला आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले ते ग्योंगबोकगुंगला नव्हे, तर या राजवाड्याला, आणि त्यामागचे कारण पाहणाऱ्याला लवकरच उमगते. ग्योंगबोकगुंगची मांडणी एका सरळ रेषेवर आहे. छांगदोकगुंगमध्ये मात्र वाट दरवाजातून आत येताच उजवीकडे वळते, दगडी पूल ओलांडते आणि टेकडीच्या उताराला सांभाळत पुढे जाते. येथे इमारतींनी जमिनीशी जुळवून घेतले आहे.

१९१७ च्या आगीत येथील अंतर्गत निवास जळाल्यावर तो पुन्हा बांधण्यासाठी ग्योंगबोकगुंगमधील राजाराणींचे निवास उतरवून येथे आणले गेले. शेवटचा सम्राट सुनजोंग येथेच राहत होता. त्यामुळे पारंपरिक कौलारू छपराखाली विजेचे दिवे आणि पाश्चात्त्य धाटणीचे फर्निचर दिसते. आग्नेय कोपऱ्यातला नाकसोनजे हा १८४७ चा निवास तर पूर्ण बिनरंगी आहे. हिरव्या-तांबड्या नक्षीने डोळे दिपल्यानंतर तेथील उघडे लाकूड आणि कागदी जाळीच्या खिडक्या पाहताना मन निवते. राजघराण्यातील अखेरच्या स्त्रिया १९८९ पर्यंत याच ठिकाणी राहत होत्या.

राजवाड्यामागची हुवोन ही बाग एकूण आवाराचा सुमारे साठ टक्के भाग व्यापते, आणि तिच्यासाठी वेगळे तिकीट व ठरावीक वेळ घ्यावी लागते. प्रत्येक वेळेला मोजक्याच लोकांना प्रवेश असल्याने वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत जागा पटकन संपतात. ऑनलाइन आरक्षण सहा दिवस आधी उघडते, आणि तारीख ठरलेली असेल तर त्याच दिवशी ते करून टाकावे. बागेत चढउतार बराच आहे. चालण्यास त्रास होत असलेल्या व्यक्तींनी बागेऐवजी राजवाडा आणि नाकसोनजे एवढेच निवांत पाहावे, असे मी सुचवेन.

बागेतले पहिले मोठे दृश्य म्हणजे बुयोंगजी हे चौकोनी तळे आणि त्यातले गोल बेट. पृथ्वी चौकोनी आणि आकाश वर्तुळाकार, ही जुनी कल्पना त्यात उतरवली आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला जुहामनु ही दुमजली वास्तू आहे. राजा जोंगजोने गादीवर येताच, १७७६ मध्ये, तेथे राजकीय ग्रंथालय वसवले. तिच्याकडे जाणाऱ्या दरवाजाचे नाव ‘मासा आणि पाणी’ अशा अर्थाचे आहे : राजा पाणी, मंत्री मासे. मधला उंच दरवाजा राजाचा होता, आणि अधिकाऱ्यांसाठी त्याच्या दोन्ही बाजूंना असलेले दरवाजे इतके ठेंगणे आहेत की मान लववल्यावाचून आत जाता येत नाही. बागेच्या अगदी आत गवताने शाकारलेला एक छोटा मंडप आहे आणि त्याच्याभोवती भाताचे लहानसे खाचर आहे. राजाने शेतकऱ्याचे कष्ट विसरू नयेत म्हणून तो येथे स्वतः भात लावी, आणि त्याच पेंढ्याने छप्पर शाकारले जाई.

उरलेले तीन राजवाडे

छांगदोकगुंगच्या आवारातूनच एका दरवाजाने छांगग्योंगगुंगमध्ये जाता येते. तो १४८३ च्या सुमारास राजघराण्यातील विधवा राण्यांसाठी बांधला गेला. त्याचा दरबारमंडप म्योंगजोंगजोन १६१६ चा असून सोलमधील राजवाड्यांच्या दरबारमंडपांत तो सर्वांत जुना आहे. जुने लाकूड पाहण्याचा आग्रह असणाऱ्याने ही जागा अजिबात चुकवू नये. जपानी वर्चस्व वाढत असताना १९०९ मध्ये या राजवाड्यात प्राणिसंग्रहालय आणि काचेचे वनस्पतिगृह उघडून त्याची रया घालवण्यात आली. प्राणी १९८०च्या दशकात हलवले गेले, परंतु पांढऱ्या चौकटींचे ते काचगृह अजून आहे. ते देखणे आहे, आणि ते येथे का आहे हे माहीत असल्यामुळे पाहताना मन दुभंगते.

दोकसुगुंग आकाराने लहान आहे आणि ऐन शहराच्या मध्यात, नगरभवनासमोर आहे. १८९७ मध्ये गोजोंगने येथूनच स्वतःला सम्राट घोषित केले. पारंपरिक दरबारमंडपाशेजारी १९१० मध्ये पूर्ण झालेली सोकजोजोन ही ग्रीक धाटणीच्या खांबांची दगडी इमारत उभी आहे. आधुनिक जगात टिकून राहण्याची एका लहान साम्राज्याची धडपड या दोन इमारतींत एका नजरेत दिसते. छांगग्योंगगुंग आणि दोकसुगुंग हे दोन्ही राजवाडे रात्री ९ पर्यंत खुले असतात, त्यामुळे दिवस इतरत्र घालवणाऱ्यांना ते संध्याकाळी पाहता येतात.

ग्योंगहीगुंग विनामूल्य आहे, पण त्याचे फारच थोडे उरले आहे. वेळ कमी असेल तर तो वगळावा.

ज्या जागेला सर्वांत कमी लोक वेळ देतात

माझा सर्वांत ठाम आग्रह जोंगम्यो या पूर्वजांच्या स्मृतिमंदिरासाठी आहे. येथे सिंहासन नाही, रंगीत छत नाही, तलाव नाही. जोसोनच्या राजाराण्यांच्या नावाचे लाकडी स्मृतिपाट येथे ठेवलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी बांधलेली ही वास्तू युनेस्कोच्या यादीत १९९५ मध्ये समाविष्ट झाली. मुख्य मंडपात १९ दालने आणि ४९ स्मृतिपाट आहेत. १६०८ मध्ये पुन्हा बांधल्यावर, पूजायचे राजे वाढत गेले तसतशी ही वास्तू बाजूला वाढवली गेली, आणि अखेर तिची लांबी १०१ मीटर झाली. खडबडीत दगडी चौथऱ्यासमोर उभे राहिल्यावर एकसारखे तांबडे खांब आणि एकच सलग छप्पर दृष्टीच्या दोन्ही टोकांपर्यंत जाते. पदच्युत झालेल्या योनसानगुन आणि ग्वांगहेगुन या दोघांना येथे जागा मिळालेली नाही. राज्य गेले की आठवणही गेली, हे येथे रिकामी जागासुद्धा न ठेवता सांगितलेले आहे.

प्रवेशद्वारापासून तीन पट्ट्यांची दगडी वाट सुरू होते. मधली किंचित उंच पट्टी पूर्वजांच्या आत्म्यांसाठी आहे, म्हणून तिच्यावर पाय ठेवू नये. पूर्वेकडची राजाची आणि पश्चिमेकडची युवराजाची. इतर दिवशी साधारणपणे मार्गदर्शकाबरोबर ठरावीक वेळीच प्रवेश मिळतो, तर शनिवार-रविवारी मोकळेपणाने फिरता येते. या जागेला शांतता आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून शनिवारी सकाळी उघडताच जाणे मला अधिक योग्य वाटते. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येथे राजपूजा होते, जुने वाद्यवृंद वाजतात आणि ओळींनी उभे असलेले नर्तक संथपणे हालतात. या विधीला आणि त्याच्या संगीताला युनेस्कोने २००१ मध्ये मान्यता दिली. प्रवास त्या सुमारास असेल तर बाकीचे वेळापत्रक या रविवारभोवती आखावे.

समाधी : कोणती निवडावी

जोसोन घराण्याच्या ४० समाधी दक्षिण कोरियात १८ ठिकाणी आहेत आणि त्या सर्व मिळून २००९ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. त्यांची रचना बरीचशी सारखी असते : तांबडा दरवाजा, दगडी वाट, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पूजामंडप, आणि त्यामागे उतारावर गवताचा गोल उंचवटा, ज्याभोवती दगडी मेंढ्या, वाघ आणि अधिकारी उभे असतात. म्हणून एक, फार तर दोन पाहिल्या की पुरे.

वेळ अगदी थोडा असेल तर शहरातली सोल्लुंग निवडावी. भुयारी रेल्वेचे स्थानकच त्या नावाचे आहे, आणि काचेच्या उंच इमारतींच्या गराड्यात राजा सोंगजोंगचा गवताळ उंचवटा पाहताना काळाचे अंतर अंगावर येते. अर्धा दिवस असेल तर गुरी येथील दोंगगुरुंगला जावे. तेथे नऊ समाधिस्थळे एका जंगलात आहेत, आणि त्यांत संस्थापक थेजोची समाधी वेगळी उठून दिसते. इतर समाधींवरचे गवत नीट कापलेले असते, तर थेजोच्या समाधीवर उंच, तुऱ्यांचे गवत वाऱ्यावर डोलत असते. त्याच्या उत्तरेकडील मूळ गावाहून आणलेले हे गवत वर्षातून एकदाच कापतात. ते तुरे पाहण्यासाठी शरद ऋतू उत्तम.

ज्याला घराण्याचा शेवट पाहायचा आहे, त्याने नामयांगजु येथील गोजोंग आणि सुनजोंग यांच्या समाधी पाहाव्यात. हे दोघे सम्राट म्हणून पुरले गेले, त्यामुळे तेथे हत्ती आणि उंट यांसह दगडी प्राण्यांची रांग पूजामंडपापुढे मांडली आहे. साम्राज्याचा हा थाट साम्राज्य नाहीसे झाल्यावर उभा राहिला, ही गोष्ट तेथे सतत टोचत राहते.

एका राजाच्या मागोमाग

जागा निवडण्याची मला सर्वांत समाधान देणारी रीत ही की, एकच राजा घ्यावा आणि त्याच्या आयुष्याच्या वाटेने जावे. त्यासाठी जोंगजोइतका योग्य राजा दुसरा नाही.

तो १७५२ मध्ये छांगग्योंगगुंगमध्ये जन्मला. तो दहा वर्षांचा असताना, १७६२ मध्ये, त्याचे आजोबा राजा योंगजो यांनी स्वतःच्या मुलाला, म्हणजे जोंगजोच्या वडिलांना, युवराज सादोला, याच राजवाड्यात तांदळाच्या पेटीत बंद करवले. आठ दिवसांनी सादो त्यात मरण पावला. जोंगजो १७७६ मध्ये राजा झाला आणि त्याने छांगदोकगुंगच्या बागेतले ते ग्रंथालय उभारले. १७८९ मध्ये त्याने वडिलांची समाधी सोलच्या दक्षिणेस नव्या, शुभ मानलेल्या जागी हलवली. त्या जागेजवळची जुनी वस्ती उठवून त्याने सुवोन हे नवे शहर वसवले, आणि १७९४ ते १७९६ या काळात त्याभोवती ह्वासोंगचा किल्ला बांधला.

सुवोन सोलहून रेल्वेने साधारण तासाभरावर आहे. ह्वासोंगचा तट सुमारे ५.७ किलोमीटर लांब असून तो सपाटीवरून टेकडीवर चढतो आणि पुन्हा उतरतो. पूर्ण फेरीस अडीच-तीन तास लागतात. दगड आणि विटा यांचा मिलाफ, दरवाजापुढचे अर्धवर्तुळाकार आवरण, बुरुजांतल्या जंग्या, ओढ्यावरचे सात कमानींचे जलद्वार आणि त्याला लागूनच कोपऱ्यावरचा देखणा टेहळणी मंडप, हे सगळे सावकाश पाहण्यासारखे आहे. किल्ल्याचा आराखडा विद्वान जोंग याकयोंग याने केला होता, आणि अवजड दगड उचलण्यासाठी त्याने कप्प्यांचे यंत्र तयार केले होते. बांधकामाचा सविस्तर अहवाल १८०१ मध्ये छापला गेला. त्यात आराखडे, साहित्य, खर्च आणि कारागिरांची नावेसुद्धा आहेत. विसाव्या शतकात पडझड झालेला तट या अहवालाबरहुकूम दुरुस्त करता आला, आणि १९९७ मध्ये त्याला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. पुनर्बांधणीविषयी मनात शंका असणाऱ्यांनी ही जागा मुद्दाम पाहावी.

तटाच्या आत राजाचा मुक्कामाचा वाडा आहे. १७९५ मध्ये जोंगजोने आपल्या आईच्या साठीचा सोहळा येथे केला. आई आणि दिवंगत वडील यांचे जन्मवर्ष एकच, त्यामुळे तो सोहळा अप्रत्यक्षपणे वडिलांचाही होता. सुवोनहून पुढे ह्वासोंग शहरात युंगनुंग आणि गोल्लुंग या समाधी शेजारी शेजारी आहेत. एकीत सादो आणि त्याची पत्नी, तर दुसरीत १८०० मध्ये मरण पावलेला जोंगजो आणि त्याची राणी. छांगग्योंगगुंगच्या प्रांगणापासून या पाइनच्या बनापर्यंतचा प्रवास दोन दिवसांत होतो आणि त्यात राजवाडा, बाग, किल्ला आणि समाधी असे चारही प्रकार पाहून होतात.

सोलबाहेरची जुनी राज्ये

हातात आणखी दोन दिवस असतील तर ते ग्योंगजुला द्यावेत, आणि तेथे एक रात्र मुक्काम करावा. जलद रेल्वेने दोन तासांच्या आसपास पोहोचता येते. इ.स. ९३५ पर्यंत सुमारे हजार वर्षे हे सिल्ला राज्याचे मुख्य ठाणे होते. येथे राजवाड्याची इमारत उभी नाही. येथे गावाच्या मधोमध गवताचे प्रचंड उंचवटे आहेत. त्यांतील छोनमाछोंग १९७३ मध्ये उत्खनन करून उघडली गेली आणि तिच्या आत जाता येते. लाकडी कोठडीवर दगडांची रास आणि त्यावर मातीचा डोंगर अशी ती रचना असल्याने चोरांना आत शिरणे कठीण गेले, आणि म्हणूनच सोन्याचे मुकुट आपल्यापर्यंत पोहोचले.

संध्याकाळी वोलजी या तळ्यावर जावे. राजा मुनमुने ६७४ मध्ये युवराजाच्या महालासाठी ते खोदवले, आणि त्याचा काठ असा वळवला आहे की कोणत्याही एका जागेवरून सगळे तळे दिसत नाही. १९७५ मध्ये गाळ उपसताना त्यात चौदा बाजूंचा एक लाकडी फासा सापडला. त्याच्या प्रत्येक बाजूवर मेजवानीत पाळायचा एकेक हुकूम कोरलेला होता, जसे ‘तीन पेले एका दमात’ किंवा ‘संगीताशिवाय नाच’. मूळ फासा जतनासाठी वाळवताना जळून गेला. प्रतिकृती मात्र पाहता येते, आणि साडेतेराशे वर्षांपूर्वीच्या दरबारी लोकांचे हसणे त्यातून ऐकू येते.

गोंगजु आणि बुयो ही बेकजे राज्याची ठाणी शांत आहेत आणि गर्दीचा कंटाळा असलेल्यांना मानवतील. गोंगजु येथे १९७१ मध्ये पाण्याचा निचरा करण्याचे काम चालू असताना राजा मुर्योंगची विटांची समाधी अस्पर्शित स्थितीत सापडली. ५२३ मध्ये राजा वारल्याची नोंद आणि समाधीची जमीन भूदेवतांकडून विकत घेतल्याचा दगडी करार, त्यावर ठेवलेल्या नाण्यांसह, तेथे होता. मूळ कोठडी बंद आहे, पण प्रतिकृती आणि जवळच्या राष्ट्रीय संग्रहालयातील वस्तू पुरेशा बोलतात.

भारतीय वाचकांना गिम्हे येथील गाया राज्याच्या जागांचेही कुतूहल वाटू शकेल. इ.स. ४८ मध्ये आयुता नावाच्या देशातून समुद्रमार्गे आलेली राजकन्या राजा सुरोची राणी झाली, अशी कथा तेराव्या शतकातील कोरियन ग्रंथात आहे. तिची आणि राजाची समाधी तेथे आहे. आयुता म्हणजे अयोध्या की आणखी काही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, म्हणून तेथे कथेचे स्थळ म्हणून जावे.

वार आणि वेळ

शेवटी वेळापत्रक, कारण चांगली निवड बंद दरवाजासमोर वाया जाते. ग्योंगबोकगुंग आणि जोंगम्यो मंगळवारी बंद असतात. छांगदोकगुंग, छांगग्योंगगुंग, दोकसुगुंग आणि राजसमाधी सोमवारी बंद असतात. म्हणून सोमवार ग्योंगबोकगुंगला आणि मंगळवार छांगदोकगुंगला देणे सरळ पडते. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या साधारण तासभर आधी थांबतो आणि हिवाळ्यात दरवाजे लवकर मिटतात. तिकिटे स्वस्त आहेत : २०२४ मध्ये ग्योंगबोकगुंग आणि छांगदोकगुंग प्रत्येकी ३००० वोन, बागेसाठी आणखी ५००० वोन, आणि दोकसुगुंग, छांगग्योंगगुंग व जोंगम्यो प्रत्येकी १००० वोन. हानबोक हा पारंपरिक पोशाख घातलेल्यांना राजवाड्यांत विनामूल्य प्रवेश मिळतो, मात्र त्या पोशाखात हुवोनची चढण अवघड जाते.

हाती एकच दिवस असेल तर सकाळी छांगदोकगुंग बागेसह, तेथून आतल्या दरवाजाने छांगग्योंगगुंग, आणि दुपारी जोंगम्यो. दोन दिवस असतील तर दुसरा ग्योंगबोकगुंगला द्यावा आणि त्या दिवसाची संध्याकाळ दोकसुगुंगला. तिसरा दिवस सुवोनचा. जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत पाऊस धो धो कोसळतो आणि प्रांगणांत आडोसा नसतो, त्यामुळे तेव्हा संग्रहालये दुपारसाठी राखून ठेवावीत. ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य हा हुवोनसाठी सर्वांत सुंदर काळ आहे, आणि आरक्षण मिळण्यासाठी सर्वांत कठीणही. तेव्हा आरक्षण उघडण्याच्या वेळी कोरियन वेळेनुसार तयार बसावे. न मिळाल्यास सकाळी तिकीटखिडकी उघडण्याआधी रांगेत उभे राहावे, कारण काही जागा त्या दिवशी प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात.